मेंदूज्वराचा रुग्ण सापडला, तर गोळ्या फक्त घरच्यांनाच का?

शाळेतल्या एखाद्या मुलाला मेंदूज्वर झाल्याचे कळले की सगळ्यांत आधी पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट पेटतात. त्याच बालरथातून येणारी मुले, त्याच बाकावर बसणारी मुले, परवा त्याच्या घरी आरतीला गेलेली माणसे, सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: आता आमचे काय? आरोग्य केंद्राचे कर्मचारी मात्र त्या मुलाच्या घरी जातात, आई-वडील, भावंडे, आजी अशा चार-पाच जणांना औषध देतात आणि वर्गातल्या चाळीस मुलांना काही न देता परत फिरतात. ते पाहून पालकांचा जीव वर-खाली होणे अगदी साहजिक आहे. पण त्यामागे हलगर्जी नसते. हा जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो ते नीट कळले की घर आणि वर्ग यांत फरक का करतात, तेही कळते.

आधी नावाचा घोळ

‘मेंदूज्वर’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पातळ आवरणे असतात. त्यांना सूज आली की तो एक आजार, आणि खुद्द मेंदूला सूज आली की तो दुसरा. बोलताना दोन्हींना एकच नाव देतो. त्यातही कारणे अनेक. जपानी मेंदूज्वर डासांमुळे होतो, आणि ते डास भातशेतीच्या साचलेल्या पाण्यात वाढतात. केरळमुळे सर्वांच्या तोंडी झालेला अमिबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यातून नाकावाटे शिरतो. हे दोन्ही आजार शेजारी झोपलेल्या माणसाकडून लागत नाहीत. क्षयाच्या जिवाणूमुळे होणारा मेंदूज्वर वेगळा, विषाणूंमुळे होणारा आणखी वेगळा आणि बहुधा सौम्य. न्यूमोकोकस नावाच्या जिवाणूचा मेंदूज्वर अतिशय गंभीर असतो, पण त्यात घरच्यांना प्रतिबंधक गोळ्या द्याव्या लागत नाहीत.

हा लेख आहे मेनिंगोकोकस या जिवाणूबद्दल. घरच्यांना तातडीने औषध देण्याची वेळ प्रामुख्याने याच्यामुळे येते. हिब नावाच्या आणखी एका जिवाणूच्या बाबतीत, घरात लस न घेतलेले लहान मूल असेल तर तसाच विचार करतात. म्हणून रुग्ण ओळखीचा असेल तर डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न ‘संसर्गजन्य आहे का’ हा नसावा. ‘जिवाणू कोणता आहे, किंवा कोणत्या जिवाणूचा संशय आहे?’ असे विचारावे. पुढचे सगळे त्या उत्तरावर ठरते.

तो राहतो कुठे?

मेनिंगोकोकस पाण्यात, मातीत, डासांत किंवा गुराढोरांत सापडत नाही. त्याचे घर एकच, माणूस; आणि माणसातही पडजिभेच्या मागे, नाक आणि घसा जिथे मिळतात ती ओलसर जागा. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांच्या आधाराने तो तिथल्या पेशींना धरून बसतो.

बहुतेकांना न पटणारी गोष्ट पुढची. निरोगी माणसांचे घसे तपासले, तर ढोबळमानाने दहातल्या एकाकडे हा जिवाणू असतो. जागेप्रमाणे आणि वयाप्रमाणे हे प्रमाण बदलते. लहान मुलांत कमी, सोळा-सतरा ते वीस-बावीस या वयात सगळ्यांत जास्त. अशा माणसाला वाहक म्हणतात. वाहकाला ताप नसतो, खोकला नसतो, कसला त्रास नसतो. काही आठवडे किंवा काही महिने तो जिवाणू घशात राहतो आणि एके दिवशी निघून जातो. आपल्यापैकी अनेकांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा तो असा वागवलेला असतो आणि त्यातूनच आपल्याला थोडीफार प्रतिकारशक्ती मिळालेली असते.

चिऱ्याच्या गडग्यावर पावसात शेवाळ धरते आणि उन्हाळ्यात वाळून जाते, तसेच हे. गडग्याला काही होत नाही. पण चिऱ्यांमध्ये फट असेल आणि तिच्यातून ओल आत शिरली, तर गडगा ढासळतो. घशाच्या आतल्या अस्तराची अशी फट कशाने पडते? नुकताच होऊन गेलेला फ्लू किंवा तसलाच विषाणूचा ताप हे एक कारण. विडी-सिगारेटचा धूर हे दुसरे, मग तो स्वतः ओढलेला असो की घरातल्या कोणी सोडलेला. त्या फटीतून जिवाणू रक्तात गेला आणि रक्तात त्याच्याशी लढणारी प्रतिद्रव्ये नसली, की त्याला मोकळे रान मिळते. त्याच्याभोवती शर्करेचे कवच असते. त्या कवचामुळे रक्तातल्या पहारेकऱ्यांना तो सहज सापडत नाही. मग एक तर तो मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचतो, किंवा रक्तातच वाढून रक्तदोष घडवतो. हा दुसरा प्रकार अधिक घातक, आणि त्यात मान आखडतेच असे नाही.

या कवचावरूनच जिवाणूचे गट ठरतात. बारा गट माहीत आहेत, पण जवळजवळ सगळे आजार ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय या सहा गटांमुळे होतात. भारतातल्या मोठ्या साथी ए गटाच्या होत्या: दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ साली, आणि मेघालय-त्रिपुरात २००८-०९ मध्ये.

दुसऱ्यापर्यंत कसा पोहोचतो?

खोकताना, शिंकताना, तोंडाजवळ तोंड नेऊन बोलताना नाक-घशातून जे थेंब उडतात, त्यांतून. हे थेंब जड असतात. साधारण एक मीटरच्या आत ते खाली पडतात, धुळीसारखे हवेत तरंगत राहत नाहीत. म्हणून गोवर जसा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही मागून येणाऱ्याला गाठतो, तसे याचे होत नाही.

शिवाय हा जिवाणू कमालीचा नाजूक आहे. तारली जाळ्यातून वर आली की लगेच मरते. शरीराबाहेर पडलेल्या मेनिंगोकोकसचीही तीच गत. कोरडेपणा आणि थंडी त्याला सोसत नाही. इतकी, की रुग्णाच्या पाठीतून काढलेले मणक्यातले पाणी जिवाणू वाढवून पाहण्यासाठी पाठवायचे असेल, तर ते फ्रिजमध्ये ठेवू नये असा प्रयोगशाळेचा नियम आहे. ठेवले तर जिवाणू मरतो आणि अहवाल खोटा ‘निरंक’ येतो. जो फ्रिजमध्ये तग धरत नाही, तो वर्गातल्या बाकावर, बसच्या दांडीवर, दाराच्या कडीवर काय टिकणार? म्हणून शाळेत औषध फवारणे, रुग्णाची गादी जाळणे, भांडी फेकून देणे यातून काहीच साधत नाही. साबणाने नेहमीसारखे धुणे पुरते. याच कारणाने मृताचे अंत्यदर्शन घेण्याने किंवा त्याला हात लावण्यानेही हा आजार लागत नाही. अशा घरातल्या दुःखात ही एक भीती तरी कोणी वाढवू नये.

मग उष्टे खाल्ले तर? एकाच पेल्यातले पाणी प्यायले तर? लाळेत हा जिवाणू फार क्वचित सापडतो, कारण त्याची जागा जिभेवर नाही, खूप मागे आहे. एखाद्या वेळी एकाच बाटलीतून घोटभर पिण्याचा धोका अगदी कमी. पण तोंडावर तोंड ठेवून दीर्घ चुंबन घेणे, किंवा बेशुद्ध रुग्णाला तोंडाने श्वास देणे यात मागच्या भागातला स्राव थेट जातो. तो संपर्क खरा.

आणि मुख्य गोष्ट काळाची. कौले गळत असतील तर एका थेंबाने गादी भिजत नाही. रात्रभर त्याच जागी टपटपत राहिले की सकाळी पिळून काढावी लागते. फेरीबोटीत शेजारी कोणी पाच मिनिटे उभा होता, तो एक थेंब. एकाच खोलीत अंथरुणे लावून आठ रात्री झोपलो, ती गळती. विमानप्रवासाचा नियम याच हिशेबावर बांधलेला आहे: आठ तास किंवा अधिक काळ रुग्णाच्या अगदी शेजारच्या आसनावर बसलेल्यांचा विचार करतात, मागच्या दहा रांगांचा नाही. पणजी-मडगाव कदंबा बसमधला पाऊण तास त्यात बसत नाही.

बाण उलट्या दिशेने पाहा

आपण मनात चित्र असे रंगवतो: रुग्ण मध्यभागी, आणि त्याच्यापासून सगळ्या दिशांना आजार पसरतो आहे. मेनिंगोकोकसच्या बाबतीत हे चित्र बरेचसे उलटे आहे. रुग्णाला जिवाणू मिळाला तो बहुधा एखाद्या धडधाकट वाहकाकडून, आणि तो वाहक बहुधा रुग्णाच्या अगदी जवळच्या वर्तुळात असतो. वडील असतील, थोरला भाऊ असेल, खोलीतला जोडीदार असेल. रुग्ण हा त्या वर्तुळातला पहिला पाडाव, उगम नव्हे.

आजार होतो तोही जिवाणू नव्याने आल्यानंतरच्या थोड्या दिवसांत. जिवाणू घशात आल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते दहा दिवस, बहुधा तीन-चार दिवस जातात. एवढ्यात काही झाले नाही, तर शरीर प्रतिद्रव्ये तयार करते आणि तोच जिवाणू घशात असूनही निरुपद्रवी ठरतो. म्हणून जुना वाहक स्वतः सुरक्षित असतो, पण त्याच्या सहवासात नवा आलेला माणूस नसतो. वसतिगृहात पहिल्या वर्षाला आलेली मुले आणि लष्करात नुकते भरती झालेले जवान यांच्यात हा आजार अधिक दिसतो, तो याच कारणाने. वेगवेगळ्या गावांचे घसे एका छपराखाली येतात.

आता घरच्यांना औषध का देतात ते पाहा. रुग्णाने त्यांना जिवाणू दिला असेल, एवढाच तो विचार नाही. त्या घरात कोणाच्या तरी घशात हा घातक वाण बसलेला आहे, कोणाच्या ते माहीत नाही, म्हणून सगळ्यांचे घसे एकाच वेळी साफ करायचे. अर्ध्या घराने औषध घेतले आणि ‘मला काही होत नाही’ म्हणून आजोबांनी घेतले नाही, तर वाहक नेमके आजोबाच असू शकतात. मग आठवड्याने तो जिवाणू पुन्हा नातवाकडे पोहोचतो.

यादी कोणाची करायची?

नियम सांगायला सोपा आहे. आजार सुरू झाला त्या दिवसाच्या आधीचे सात दिवस मोजा. त्या सात दिवसांत रुग्णाबरोबर एका घरात राहिलेले, त्याच खोलीत झोपलेले, त्याच्या घशातल्या स्रावाचा थेट संपर्क आलेले, हे सगळे निकट संपर्क. लहान मुलांच्या पाळणाघरात एकाच खोलीत तासन्‌तास असणारी मुलेही त्यात मोजतात. रुग्णालयात ज्याने मास्क न लावता रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घातली तो येतो. रक्तदाब मोजणारी परिचारिका येत नाही. आणि परिणामकारक प्रतिजैविक सुरू होऊन चोवीस तास उलटले की रुग्णाकडून संसर्ग होत नाही. त्यानंतर भेटायला गेलेल्यांनी चिंता करू नये.

पण गोव्यात ही यादी करताना कुठे फसगत होते? समजा, गणेशचवथीच्या पाचव्या दिवशी डिचोलीजवळच्या एका मूळ घरात सोळा वर्षांच्या मुलाला आजार झाला. रेशन कार्डावर त्या घरात चार नावे. चवथीला मात्र तीन पिढ्या जमल्या होत्या. मुंबईचे काका-काकू आणि त्यांच्या दोन मुली चार रात्री तिथेच होत्या. मुले माडीवर एका ओळीत झोपली. काणकोणची आत्या दोन रात्री राहून घरी गेली. हे सगळे निकट संपर्क आहेत, आणि त्यातले अर्धे आता गावात नाहीत. आरोग्य कर्मचाऱ्याने ‘घरात कोण कोण आहे?’ विचारले तर चार नावे मिळतील. ‘गेल्या सात रात्री या छपराखाली कोण कोण झोपले?’ असे विचारले तर खरी यादी मिळेल. मुंबईच्या मुलींना त्याच दिवशी फोन करून तिथल्या डॉक्टरांकडून औषध घ्यायला सांगावे लागते.

उलट बाजूने, त्या पाच दिवसांत घुमट-आरतीला आलेली पन्नास माणसे, माटोळी पाहून प्रसाद घेऊन गेलेले शेजारी, यांची नावे यादीत येत नाहीत. ते तासभर आले आणि गेले.

राजांगणाच्या मोठ्या घरात चार चुली असतात तेव्हा प्रश्न थोडा अवघड होतो. छप्पर एक, पण संसार वेगळे. अशा वेळी छपरापेक्षा चूल आणि अंथरूण महत्त्वाचे. मुले मात्र चारी चुलींवर फिरत असतात, एकमेकांच्या खोलीत झोपतात. त्यांचा हिशेब वेगळा करावा.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती तिसऱ्याच ठिकाणची. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास एकेका खोलीत आठ-दहा कामगार पाळीपाळीने झोपतात. मालीम आणि कुटबणच्या जेटींवरच्या ट्रॉलरवर खलाशी एकाच अरुंद केबिनमध्ये राहतात. शाळेतल्या चाळीस पालकांना आवाज आहे. या माणसांना नाही. रुग्णाला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेले की उरलेल्यांना ठेकेदार दुसऱ्या जागी हलवतो, किंवा ते भीतीने गावी निघून जातात, आणि यादीच राहत नाही. संसर्गाच्या दृष्टीने ही खोली घरापेक्षाही घट्ट वर्तुळ आहे. मालकाने त्यांना चार दिवस तिथेच ठेवून औषध मिळवून द्यावे, ही मेहरबानी नव्हे, किमान कर्तव्य आहे.

धोका नेमका किती?

अमेरिकेतल्या पाहण्यांचा आकडा असा: औषध न दिल्यास रुग्णाच्या घरच्या दर १००० माणसांमागे सुमारे ४ जणांना हा आजार होतो. समाजातल्या इतरांपेक्षा हे प्रमाण ५०० ते ८०० पट आहे. दोन्ही वाक्ये एकत्र वाचावीत. नुसते ‘८०० पट’ वाचले तर धडकी भरते. नुसते ‘हजारात चार’ वाचले तर माणूस गोळी घ्यायची टाळाटाळ करतो. घरात मागे पाच माणसे असतील, तर अशा पन्नास घरांपैकी एखाद्या घरात दुसरा रुग्ण निघेल. संख्या लहान आहे. पण हा आजार असा आहे की उपचार मिळूनही शंभरातले दहा-पंधरा दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी दहा-वीस टक्के लोकांना बहिरेपणा, मेंदूची इजा, हाता-पायाची बोटे किंवा अवयव गमावणे असे काही तरी कायमचे मागे राहते. दोन दिवसांच्या औषधाने टळणारा हा धोका कोणी का पत्करावा?

औषध: कोणते, किती, कधी

‘कधी’ सगळ्यांत महत्त्वाचे. शक्यतो रुग्णाचे निदान झाल्यापासून २४ तासांच्या आत. दुसरा रुग्ण निघायचा तर बहुधा पहिल्या आठवड्यातच निघतो. १४ दिवसांनंतर औषधाचा फारसा उपयोग राहत नाही.

सर्वसाधारणपणे तीन औषधे वापरतात. रिफॅम्पिसिन: मोठ्यांना ६०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दोन दिवस, म्हणजे एकूण चार मात्रा. महिन्यावरच्या मुलांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० मिलिग्रॅम, तशाच चार मात्रा. म्हणजे १५ किलोच्या मुलाला प्रत्येक वेळी १५० मिलिग्रॅम. महिन्याच्या आतल्या बाळाला किलोमागे ५. दुसरे सिप्रोफ्लॉक्सॅसिन: मोठ्यांना ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी. तिसरे सेफ्ट्रियाक्सोन: स्नायूत एकच इंजेक्शन, मोठ्यांना २५० मिलिग्रॅम, पंधरा वर्षांखालच्यांना १२५. गरोदर बाईला सहसा हेच देतात. हे आकडे डॉक्टरांनी काय दिले ते समजावे म्हणून आहेत; औषध त्यांच्या सांगण्यावरूनच घ्यायचे.

रिफॅम्पिसिन रिकाम्या पोटी घेतात. लघवी, घाम, अश्रू केशरी होतात. घाबरू नये, दोन-तीन दिवसांत रंग जातो. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स मात्र काढून ठेवाव्यात, त्यांवरचा डाग निघत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम या औषधाने कमी होतो, तेव्हा त्या चालू असतील तर आधी सांगावे. लोक चुकतात ते बहुधा चौथ्या मात्रेला. केशरी लघवी पाहून तिसरी-चौथी मात्रा सोडून देतात, आणि घसा अर्धवट साफ राहतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुधाबरोबर किंवा पित्ताच्या औषधाबरोबर घेतले तर नीट शोषले जात नाही. शिवाय दिल्लीच्या २००५ च्या साथीतल्या जिवाणूंवर ते कमी चालत असल्याचे आढळले होते, म्हणून डॉक्टर दुसरे औषध निवडू शकतात.

घरात आधीच असलेल्या अ‍ॅमॉक्सिसिलिनवर भागवू नये. रक्तातल्या जिवाणूवर पेनिसिलिनच्या कुळातली औषधे चालतात, पण घशातला वाहकपणा ती घालवत नाहीत. रुग्णावर केवळ पेनिसिलिनने उपचार झाले असतील, तर घरी पाठवण्यापूर्वी त्यालाही वरीलपैकी एक औषध द्यावे लागते. सेफ्ट्रियाक्सोनने उपचार झाले असतील तर गरज नाही.

‘मग शाळेतल्या सगळ्यांनाच एकेक गोळी द्या ना!’

ही मागणी दर वेळी होते आणि ती मायेपोटीच होते. पण एका वर्गात एकच रुग्ण असेल, तर वर्गातल्या इतरांचा धोका घरच्यांच्या मानाने फार कमी असतो. चारशे मुलांना प्रतिजैविक दिले की काहींना उलट्या, पुरळ, क्वचित गंभीर अ‍ॅलर्जी होणारच. जिवाणूंमध्ये औषधाला न जुमानणारे वाण वाढतात. रिफॅम्पिसिन तर क्षयावरचे आपले मुख्य हत्यार, ते असे उधळून चालणार नाही. आणि एक कमी माहीत असलेली गोष्ट: घशात मेनिंगोकोकसचा एक निरुपद्रवी भाऊबंद राहतो, विशेषतः लहान मुलांच्या. तो जागा अडवून ठेवतो आणि थोडी प्रतिकारशक्तीही देतो. गरज नसताना दिलेले औषध त्यालाही मारते, आणि रिकामी झालेली जागा घातक वाणाला मिळू शकते.

चार आठवड्यांच्या आत त्याच शाळेत दुसरा रुग्ण निघाला आणि जिवाणू एकाच वाणाचा वाटला, तर मात्र गणित बदलते. तेव्हा वर्ग, वसतिगृहाचा मजला किंवा संपूर्ण शाळा यांना औषध आणि लस देण्याचा निर्णय आरोग्य खाते घेते.

‘घसे तपासून वाहक तरी शोधा’

तपासणीचे उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात. औषध त्याआधीच द्यायचे असते. घशातला एक फाया काही वाहकांना चुकवतो. सापडलेले वाहकही बहुतेक निरुपद्रवी वाणाचे असतात. आणि ज्याच्या घशात सापडला त्या मुलाकडे वर्ग कसा पाहील, हाही विचार करा.

शाळा बंद ठेवण्यानेही काही मिळत नाही. जिवाणू इमारतीत नाही. मुले घरी बसली की एकमेकांकडे खेळायला जातात, तीही बंद खोल्यांत.

‘आमच्या बाळाला मेंदूज्वराची लस दिली आहे’

दिली असेल, पण बहुधा दुसऱ्या जिवाणूंची. सरकारी लसीकरणातल्या पेंटाव्हॅलंटमध्ये हिबची लस आहे आणि न्यूमोकोकसचीही लस आता दिली जाते. मेनिंगोकोकसची लस त्या कार्यक्रमात नाही. ती खासगी दवाखान्यांत मिळते आणि ए, सी, डब्ल्यू, वाय या चार गटांवर चालते. प्लीहा काढलेली माणसे, रक्तातल्या, जिवाणूंशी लढणाऱ्या पूरक प्रथिनांचा जन्मजात अभाव असलेली मुले, हा जिवाणू हाताळणारे प्रयोगशाळेतले कर्मचारी आणि परदेशी वसतिगृहात शिकायला जाणारे विद्यार्थी यांनी ती घ्यावी. हज यात्रेकरूंना ती सक्तीची आहे आणि सौदी अरेबियात पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

कवचाच्या शर्करेला प्रथिन जोडून केलेली लस घशातला वाहकपणाही कमी करते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली ए गटाची अशी लस २०१० पासून आफ्रिकेत बुर्किना फासो, माली, नायजर आणि पुढे शेजारच्या देशांत दिली गेली. लस घेतलेल्यांचे घसे साफ राहिले, म्हणून न घेतलेलेही वाचले, आणि शतकभर छळणारा ए गट तिथून जवळजवळ नाहीसा झाला. त्याच संस्थेची पाच गटांवरची लस २०२४ मध्ये नायजेरियात पहिल्यांदा वापरली गेली.

औषध घेतल्यानंतरही लक्ष कशावर ठेवायचे?

प्रतिबंधक औषध घसा साफ करते. जिवाणू आधीच कोणाच्या रक्तात शिरला असेल, तर त्या छोट्या मात्रेने तो थांबत नाही. म्हणून पहिले दहा दिवस घरातल्या प्रत्येकावर नजर हवी, आणि नंतरही महिनाभर साध्या तापाला साधा समजू नये.

जोराचा ताप, डोके फुटेल अशी दुखी, उलट्या, उजेड न सोसणे, हनुवटी छातीला न टेकणे ही लक्षणे बहुतेकांना माहीत असतात. त्यांच्या आधी येणारी काही खुणा माहीत नसतात: ताप असूनही हात-पाय थंडगार, पोटऱ्यांत असह्य कळा, त्वचेवर फिकट, चट्ट्याचट्ट्यांचा रंग. तान्ह्या बाळाची टाळू फुगते, ते अंगावर पीत नाही, उचलले की बारीक किंचाळते किंवा चिंधीसारखे लुळे पडते. लाल-जांभळे ठिपके दिसले तर काचेचा पेला त्यांवर घट्ट दाबा. दाबूनही ठिपके मिटत नसतील, तर तो रक्तस्राव आहे. सावळ्या अंगावर ठिपके पटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू आणि तोंडातला टाळा पाहा. ठिपके नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका, ते कधी कधी उशिरा येतात आणि कधी येतच नाहीत.

अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहू नये. काही तासांत माणूस हातचा जातो. १०८ ला फोन करा, आणि फोनवर, रुग्णवाहिकेत, आपत्कालीन विभागाच्या दारात पहिले वाक्य हेच सांगा: ‘आमच्या घरात मेनिंगोकोकसचा रुग्ण होता, अमुक तारखेला.’ शिवाय घरच्यांनी कोणते औषध कधी घेतले, तेही कागदावर लिहून बरोबर न्या.